माचू पिक्चूचा डोंगर चढायचाय? मग आधी तिकीट, नंतर विमान

माचू पिक्चू, म्हणजे पेरू देशातलं इंका लोकांचं प्राचीन नगर. तिथे जाऊन आलेल्यांशी बोला. बरेच जण हळहळत सांगतात, की समोर तो उंच सुळका दिसत होता, लोक त्यावर चढत होते, पण आमच्याकडे त्याचं तिकीट नव्हतं. लाखभर रुपयांहून जास्त विमानभाडं भरून, निम्मी पृथ्वी ओलांडून गेल्यावर ही हळहळ वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख. ज्यांना माचू पिक्चू नुसतं बघायचं नाही, तर तिथला डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा आहे, त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. माचू पिक्चूपर्यंत चालत नेणारी चार दिवसांची प्रसिद्ध इंका ट्रेल हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी परवानाधारक कंपनीबरोबरच जावं लागतं, परवाने मर्यादित असतात आणि कित्येक महिने आधी संपतात. इथे मी एका दिवसाच्या चढाईबद्दल लिहितोय. रेल्वेने पायथ्याच्या गावी पोहोचायचं, सकाळी वर जायचं आणि अवशेषांच्या डोक्यावरचा एखादा डोंगर चढून यायचं. ज्याने सह्याद्रीत पाच-पंचवीस किल्ले केले आहेत, त्याला हे नक्की जमेल. अवघड आहे ते नियोजन.

कुठला डोंगर?

माचू पिक्चूचे अवशेष समुद्रसपाटीपासून सुमारे २४३० मीटरवर, दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीसारख्या धारेवर आहेत. प्रत्येक छायाचित्रात अवशेषांच्या मागे उभा दिसणारा टोकदार सुळका म्हणजे वायना पिक्चू, साधारण २७०० मीटर. छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीमागे जो मोठा डोंगर असतो आणि म्हणून फोटोत कधीच येत नाही, तो माचू पिक्चू डोंगर. तिथे त्याला मोंतान्या म्हणतात. तो तीन हजार मीटरच्या थोडा वर जातो. वायना पिक्चूच्या शेजारी उचुय पिक्चू नावाची एक छोटी टेकडीही आहे. अर्ध्या तासात चढून होते, पण तिचं तिकीट फक्त गर्दीच्या हंगामात, ठरावीक तारखांना मिळतं.

खरी निवड पहिल्या दोघांतच आहे. वायना पिक्चूची चढाई जेमतेम २७० मीटरची, पण जवळजवळ उभी. वर जायला पाऊण ते एक तास, उतरायला साधारण तेवढाच. पायऱ्या अरुंद, एका बाजूला दरी, काही ठिकाणी भिंतीला पोलादी दोर ठोकलेले. मोंतान्याची चढाई सहाशे मीटरहून अधिक, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. वाट बऱ्यापैकी रुंद, भीती कमी, पण पायऱ्या संपता संपत नाहीत. वर जायलाच दीड ते दोन तास धरा. मजल्यांच्या हिशेबात सांगायचं तर वायना पिक्चू म्हणजे नव्वद मजले आणि मोंतान्या म्हणजे दोनशे.

लोक वायना पिक्चूमागे धावतात कारण नाव मोठं आहे. माझं मत वेगळं आहे. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने नावासाठी वायना पिक्चूचं तिकीट काढू नये. त्या पायऱ्यांवर मधेच पाय थिजले तर मागून येणाऱ्यांचीही वाट अडते आणि उतरणं चढण्यापेक्षा कठीण होऊन बसतं. उंचीची भीती नाही पण गुडघे कुरकुरतात, अशांनी मोंतान्या टाळावा, कारण सहाशे मीटरचा दगडी उतार गुडघ्यांचा हिशेब चुकता करतो. दृश्याच्या बाबतीत मोंतान्या कुठेच कमी नाही, उलट वरचढ आहे. तिथून अख्खं नगर, त्यामागचा वायना पिक्चू आणि दोघांना वळसा घालून जाणारी उरुबांबा नदी एका नजरेत दिसते. हवा स्वच्छ असेल तर साल्कांतायचं हिमशिखरही. वायना पिक्चूवरून नगर अगदी पायाखाली दिसतं आणि इंकांनी त्या उभ्या कड्यावर घातलेले बांध, खोल्या आणि जिने हाताने चाचपता येतात. १२ वर्षांखालच्या मुलांना वायना पिक्चूवर सोडत नाहीत. मुलं बरोबर असतील तर तो प्रश्न तिथेच सुटला.

तिकिटाचं गणित

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा.

जून २०२४ पासून माचू पिक्चूमध्ये तीन मोठे मार्ग आणि त्यांचे उपमार्ग ठरवून दिलेले आहेत. तुमच्या तिकिटावर जो उपमार्ग छापलेला असेल तेवढाच तुम्ही चालू शकता. आत गेल्यावर मनाप्रमाणे इकडून तिकडे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही.

पहिला मार्ग वरच्या बांधांवरून जातो. पोस्टकार्डावरचं ते जगप्रसिद्ध दृश्य इथून दिसतं, पण खाली नगरात शिरता येत नाही. मोंतान्याची चढाई याच मार्गाला जोडलेली आहे आणि तिकिटावर ती १-अ म्हणून येते. दुसरा मार्ग वरचं दृश्य आणि नगराचा मोठा भाग दोन्ही दाखवतो, पण त्यात कुठलाही डोंगर नाही. तिसरा मार्ग खालच्या अंगाने नगरात जातो, त्यात सूर्यमंदिराचा परिसर येतो, आणि वायना पिक्चू याच मार्गाला जोडलेला आहे, ३-अ म्हणून.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वायना पिक्चूचं तिकीट काढलंत तर पोस्टकार्डातलं ते दृश्य त्या तिकिटात येत नाही. मोंतान्याचं काढलंत तर दृश्य मिळेल, पण नगराच्या गल्लीबोळांतून फिरता येणार नाही. सगळं हवं असेल तर दोन वेगवेगळी तिकिटं काढावी लागतात: एक डोंगराचं आणि एक दुसऱ्या क्रमांकाच्या मार्गाचं. मी तरी हाच सल्ला देईन. पहिल्या दिवशी दुपारी दुसरा मार्ग करा, त्या रात्री पायथ्याला राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढा. एवढ्या लांब जाऊन शंभर-दीडशे सोल वाचवण्यात अर्थ नाही. सोल हे पेरूचं चलन. २०२४ च्या दरपत्रकानुसार परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी साधं तिकीट १५२ सोल आणि डोंगरासकट २०० सोल होतं.

तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या 'तू बोलेतो' या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत आणि ती वर बरेच पैसे लावतात. रोज सर्व मार्ग मिळून ४५०० लोकांना आत सोडतात, काही गर्दीच्या तारखांना ५६००. डोंगरांच्या वाट्याला यातली काहीशेच तिकिटं येतात. जून ते ऑगस्टमधली वायना पिक्चूची तिकिटं तीन-चार महिने आधीच संपलेली दिसतात. पायथ्याच्या गावात दुसऱ्या दिवसाची काही तिकिटं खिडकीवर विकतात हे खरं, पण डोंगर चढायचाच असेल तर त्या रांगेच्या भरवशावर भारतातून निघू नका.

आपल्याकडच्या लोकांसाठी दोन बारीक सूचना. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढेच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तेही त्याच रकान्यात गेलं पाहिजे. दारावर तिकीट आणि मूळ पासपोर्ट जुळवून पाहतात, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा काढा, मग तिकीट, कारण क्रमांक बदलतो. दुसरं म्हणजे, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच तपासा. भारतीय कार्डांवर ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते आणि पैसे भरायच्या क्षणी ते लक्षात आलं तर हातातली तारीख जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा: डोंगराच्या तिकिटाची उपलब्धता बघा, तारीख नक्की करा, तिकीट काढा, त्या तारखेच्या आसपास रेल्वे आणि मुक्काम बसवा, आणि सगळ्यात शेवटी विमान. ट्रॅव्हल एजंट हा क्रम उलटा लावतात. विमान आधी, माचू पिक्चू 'तिकडे बघू'. डोंगराची तिकिटं तिथेच हुकतात.

व्हिसा आणि पिवळ्या तापाची लस

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा, किंवा यांपैकी कुठल्या देशातलं कायमचं वास्तव्य असेल, तर भारतीय पासपोर्टधारकाला २०१७ पासून पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सहल सोपी जाते ती यामुळेच. बाकीच्यांनी नवी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर विमानतळाबाहेर न पडतासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून घेण्याआधी ध्यानात घ्या.

आता लस. माचू पिक्चूचा परिसर उंचावर असल्याने तिथे पिवळ्या तापाची फारशी भीती नसते. अडचण परतीची आहे. पेरू हा पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत असल्यामुळे तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे.

कधी जायचं

पाऊस नोव्हेंबर ते मार्च, सगळ्यात जास्त जानेवारी-फेब्रुवारीत. मे ते सप्टेंबर कोरडा काळ, पण तोच गर्दीचा. आपल्या उन्हाळी सुट्टीतला मे महिना त्यांच्या पावसानंतर लगेच येतो. डोंगर हिरवे असतात, आकाश मोकळं होत असतं आणि जूनची झुंबड अजून सुरू झालेली नसते. मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्या घरांसाठी याहून चांगली वेळ नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर ऑक्टोबरचे शेवटचे दिवस बरे, नोव्हेंबर पुढे सरकेल तसा पाऊस वाढतो. २४ जूनला कुस्को या जवळच्या शहरात इंती रायमी हा सूर्याचा मोठा उत्सव असतो. तो बघायचा असेल तर बघा, पण त्या आठवड्यात मुक्काम महाग आणि तिकिटं दुर्मीळ.

वेळेबद्दल एक गोष्ट सांगतो. पहाटेचा पहिला स्लॉट घेण्याची सगळ्यांना हौस असते, पण कोरड्या ऋतूतही पहाटे हा सगळा भाग बऱ्याचदा ढगात असतो. आठ-नऊच्या सुमारास ढग फाटायला लागतात. धुक्यात शिखरावर उभं राहून पांढऱ्या भिंतीकडे बघण्यापेक्षा तास-दोन तास उशिराचा स्लॉट मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मोंतान्यासाठी मात्र सकाळचाच घ्या, कारण वरच्या टप्प्यात उन्हाचा तडाखा बसतो.

उंचीशी वैर नको

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, १६४६ मीटर. विमान तुम्हाला कुस्कोला ३४०० मीटरवर उतरवतं. लेहला विमानाने गेलेल्यांना हा अनुभव ओळखीचा असेल, उंची जवळपास तेवढीच. पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागतो, डोकं ठणकतं, भूक मरते, रात्री झोप तुटते. तिथले लोक याला सोरोचे म्हणतात. याचा तब्येतीच्या ठणठणीतपणाशी संबंध नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही होतो आणि आजीला काहीच होत नाही, असं घडतं.

पण पेरूच्या नकाशात एक सोय दडलेली आहे. कुस्कोपेक्षा उरुबांबाचं खोरं खाली आहे आणि माचू पिक्चू त्याहून खाली. म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरलात की शहरात न थांबता थेट गाडीने खोऱ्यात जा. उरुबांबा आणि ओयांतायतांबो ही गावं २८०० ते २९०० मीटरच्या दरम्यान आहेत, रस्ता दीड-दोन तासांचा. पहिल्या दोन रात्री तिथे काढा. नंतर माचू पिक्चू, आणि कुस्को शहर सगळ्यात शेवटी, शरीर सरावल्यावर. बहुतेक पॅकेज टूर कुस्कोपासून सुरू होतात आणि पहिले दोन दिवस माणसं हॉटेलच्या खोलीत डोकं धरून बसतात.

पहिल्या दिवशी दारू नको, भरपेट जेवण नको, धावपळ नको. पाणी सतत. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायामॉक्स नावाने मिळणारी गोळी, अनेक जण घेतात. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती चालत नसू शकते आणि तिने लघवीला वारंवार जावं लागतं, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब, हृदय किंवा दम्याची तक्रार असलेल्यांनी हे आवर्जून करावं. हॉटेलांत कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. तिथे तो पूर्ण कायदेशीर आणि रोजच्या वापरातला आहे, बऱ्याच लोकांना त्याने बरं वाटतं. बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलताना गोंधळणं, ओला खोकला यांतलं काहीही दिसलं तर गोळीची वाट न बघता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

पायांची तयारी

दोन महिने पुरतात. आठवड्यातून तीनदा जिने, सुरुवातीला वीस मजले, मग चढत्या क्रमाने साठ-सत्तरपर्यंत. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींचा हा एक उपयोग. लिफ्टने खाली येऊ नका, चालत उतरा. या डोंगरांवर मांड्या आणि गुडघे थकतात ते उतारावर, आणि उताराची सवय उतरूनच होते. रविवारी एखादा किल्ला: राजगड, तोरणा, कळसूबाई. वायना पिक्चूच्या शेवटच्या टप्प्याचा अंदाज हवा असेल तर हरिहरच्या कातळपायऱ्या चढून बघा. तिथे मन शांत राहिलं तर इथेही राहील.

पायथ्यापर्यंत

माचू पिक्चूच्या पायथ्याचं गाव आग्वास कालियेंतेस. तिथे बाहेरून गाडीरस्ता येत नाही. ओयांतायतांबोहून रेल्वेने दीड ते दोन तास. पेरूरेल आणि इंका रेल अशा दोन कंपन्या गाड्या चालवतात, दोन्ही बाजूंचं भाडं मिळून शंभर डॉलरच्या वर सहज जातं. सामानावर मर्यादा असल्याने मोठी बॅग ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा आणि एका रात्रीपुरती पिशवी घ्या. पैसे वाचवायचे असतील तर कुस्कोहून सहा-सात तासांची व्हॅन हिद्रोएलेक्त्रिका नावाच्या जलविद्युत केंद्रापर्यंत जाते आणि तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत गावात येता येतं. वाट सपाट आणि नदीकाठची, सुंदर आहे. पण पावसाळ्यात तो डोंगरी रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा असताना ती दगदग कशाला?

गावातून अवशेषांच्या दारापर्यंत बस आहे, नागमोडी रस्त्याने पंचवीस-तीस मिनिटं. जाण्यायेण्याचे सुमारे २४ डॉलर. पहिली बस पहाटे साडेपाचच्या सुमारास सुटते आणि तिच्यासाठी त्याआधीच रांग लागते, म्हणून बसचं तिकीट आदल्या संध्याकाळी काढून ठेवा. पायी जायचं तर जंगलातून दगडी पायऱ्या आहेत, जवळपास चारशे मीटरचा चढ, सव्वा ते दीड तास. डोंगराच्या दिवशी वर जाताना बसने जा. ताकद खरी लागणार आहे ती दाराच्या आत. उतरताना पाय शिल्लक असतील तर चाला.

पिशवीत काय

४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, ड्रोन, छत्री, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाद्यपदार्थ यांना मनाई आहे. टोकाला रबर नसलेली ट्रेकिंगची काठीही चालत नाही. हे नियम जाचक वाटतात, पण त्यामागे कारण आहे. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यंत्राचा भाग पडून इंतिवाताना या कोरीव दगडाचा कोपरा तुटला. पाचशेहून जास्त वर्षं तिथे उभा असलेला एकसंध दगड, आणि तो परत जोडता येत नाही.

पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली, विंडचीटर किंवा पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन, डास आणि चिलटांचं मलम, मूळ पासपोर्ट, छापील तिकीट. बस्स. बूट चांगली पकड असलेले आणि आधी वापरलेले हवेत. हातमोजे ऐच्छिक, पण सकाळी दोर गार आणि ओला असतो. चिलटांना कमी लेखू नका. ती दिसत नाहीत, चावतानाही कळत नाही आणि नंतर आठवडाभर पाय खाजवत राहतात. फुल पँट घाला.

स्वच्छतागृह फक्त दाराबाहेर आहे, सुटे पैसे लागतात. आत कुठेच नाही, डोंगरावरही नाही. चढाई धरून चार-पाच तास आत जाणार, त्यामुळे आत शिरण्याआधी जाऊन या. नाश्ताही पोटभर गावातच करा. शाकाहारी असाल तर फार हाल होत नाहीत: किन्वाचं सूप, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस चीजबरोबर, अंडी, भात आणि बटाटा. बटाट्याचं मूळ घरच अँडीज पर्वत, तिथे त्याचे हजारो वाण आहेत, तेव्हा आवर्जून खा. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' म्हणजे मांस, कोंबडी, मासे खात नाही, हे एक वाक्य पाठ करून ठेवा. नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तर कोंबडी ताटात येऊ शकते.

प्रत्यक्ष चढाई

तिकिटावर दोन वेळा असतात, मुख्य दाराची आणि डोंगराच्या फाटकाची. मुख्य दारापासून वायना पिक्चूचं फाटक नगराच्या थेट दुसऱ्या टोकाला, 'पवित्र शिळा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकाजवळ आहे. रमतगमत गेलात तर फाटकाची वेळ टळते. मार्गदर्शक केला असेल तर त्याला आधीच सांगा. मार्गदर्शक दारावर मिळतात आणि नगर समजून घेण्यासाठी एक जरूर करा, पण ते सहसा डोंगरावर येत नाहीत.

फाटकावर वहीत नाव, वय, देश आणि वेळ लिहून सही करायची. उतरल्यावर त्याच ओळीत पुन्हा वेळ आणि सही. संध्याकाळी कुणी वर राहिलं का हे त्या वहीवरूनच कळतं, त्यामुळे परतताना ती चुकवू नका.

वायना पिक्चूची वाट आधी थोडी खाली उतरते, झाडीतून एका अरुंद खिंडीवर येते आणि तिथून सरळ वर निघते. पायऱ्या ग्रॅनाइटच्या, इंकांनी बसवलेल्या, काही मूळ कातळातच कोरलेल्या. उंची सारखी नाही. एक पायरी वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. त्यामुळे चालीला लय सापडत नाही आणि दम लवकर लागतो. पन्नास पायऱ्या, अर्धं मिनिट विश्रांती, असा हिशेब ठेवा. विश्रांतीला वाट जिथे रुंद आहे तिथे, डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पोलादी दोर आधारासाठी आहे. सगळं वजन टाकून त्याला लोंबकळू नका.

तीन-चतुर्थांश चढ संपला की अचानक झाडी हटते आणि शेतीचे बांध लागतात. इतक्या उभ्या कड्यावर, पुरुषभर रुंदीचे. इथे जरा थांबा. बांधाच्या भिंतीजवळ वाकून बघितलंत तर कळेल, की दगड चुन्याशिवाय बसवलेले आहेत आणि भिंत किंचित आत झुकलेली आहे. मातीखाली खडी आणि तिच्याखाली मोठे दगड, म्हणजे पाणी झिरपून निघून जातं. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, भूकंपाच्या पट्ट्यातल्या या डोंगरावर पंधराव्या शतकातलं बांधकाम अजून उभं आहे ते या न दिसणाऱ्या कामामुळे. सम्राट पाचाकुतीच्या काळात हे नगर वसलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९११ च्या जुलैमध्ये अमेरिकी संशोधक हिराम बिंगहॅम माचू पिक्चूला पोहोचला तेव्हा त्याला वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा हा इथलाच शेतकरी होता, आणि वर नगराच्या बांधांवर काही कुटुंबं शेती करत होती. 'शोध लागला' असं आपण सहज म्हणतो, पण तिथल्या माणसांना ही जागा कधीच हरवलेली नव्हती.

बांधांच्या वर सगळ्यात उभा जिना येतो, ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात. पाऊल आडवं टाका, कारण पायरीवर पूर्ण बूट मावत नाही. त्यानंतर एक कातळातलं भगदाड लागतं, पिशवी पाठीवरून काढून पुढे धरून, वाकून, जवळजवळ रांगत पार करायचं. अंगाने धिप्पाड असलेल्यांनी घाबरू नये, माणसं जातात, फक्त सावकाश. पलीकडे शिखर म्हणजे एकमेकांवर रचल्यासारखे मोठे खडक. सपाट जागा नाही. फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका. पाय आधी, नजर नंतर.

उतरताना उभ्या जिन्यावर तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतात तसं उतरलात तरी चालतं, त्यात लाज नाही. वरून येणाऱ्याने खालून चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. पाऊस सुरू झाला आणि तुम्ही बांधांच्या खालीच असाल तर परत फिरा. ओल्या ग्रॅनाइटवर शिखराचा हट्ट धरू नका.

मोंतान्याबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही. वाट सोपी, पण लांब. एक लिटरऐवजी दीड लिटर पाणी न्या, पहिल्या तासात वेग मुद्दाम कमी ठेवा, आणि ठरलेल्या वेळेनंतर वर जाऊ देत नाहीत म्हणून अर्ध्या वाटेवर घड्याळ बघा. वाटेत झाडीत रानटी ऑर्किड दिसतात, तोडू नका.

राखीव दिवस

सगळं काटेकोर बसवलं तरी एक मोकळा दिवस ठेवाच, आणि तो माचू पिक्चूनंतर. जानेवारी २०१० मध्ये पुराने रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. २०२३ च्या सुरुवातीला राजकीय आंदोलनामुळे माचू पिक्चूच काही आठवडे बंद होतं. एरवीही एखाद्या दिवसाचा संप आणि रेल्वेबंद या भागात नवा नाही. आग्वास कालियेंतेसहून ज्या दिवशी परत याल त्याच दिवशी कुस्कोहून लिमाचं आणि तिथून मायदेशीचं विमान, अशी साखळी लावू नका. मोकळा दिवस वापरावा लागला नाही तर कुस्कोत साक्सायवामानच्या तटबंदीवर घालवा. १३० सोलचं 'बोलेतो तुरिस्तिको', म्हणजे अनेक जागांचं एकत्र पर्यटन तिकीट, काढलं की दहा दिवस त्यात ही जागा, ओयांतायतांबो आणि पिसाकचे अवशेषही येतात. म्हणून ते खोऱ्यात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी काढा.

परतीची बॅग भरताना हॉटेलातल्या कोकाच्या चहाची पुडी आठवण म्हणून टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. कोकाचं पान भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, अमेरिकेतही त्याला बंदी आहे. आणि लसीचं पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत न ठेवता पासपोर्टबरोबर हातात ठेवा. भारतात इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात.